देवापुढची कबुली आणि घरातले देणे

पापकबुली आणि पश्चात्ताप हे ख्रिस्ती धर्माचरणाचे पायाभूत विषय आहेत. पापकबुली म्हणजे घडलेला अपराध नाव घेऊन स्वतःचा म्हणून स्वीकारणे. आणि पश्चात्ताप म्हणजे झाल्या गोष्टीबद्दलची नुसती हळहळ नव्हे, तर त्या अपराधाकडे पाठ फिरवून जगण्याची दिशा बदलणे. रोमन कॅथलिक परंपरेने या आचरणाला संस्काराचे रूप दिले. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक प्रौढ श्रद्धावंताने वर्षातून एकदा तरी धर्मगुरूपुढे कबुली द्यावी असे ठरवले आणि ट्रेंटच्या परिषदेने १५५१ मध्ये त्या संस्काराचे अनुतापाचे दुःख, मुखाने कबुली आणि भरपाई असे तीन भाग स्पष्ट केले; गोव्यात हाच संस्कार ‘कुमसार’ या नावाने घराघरांत ओळखीचा आहे. मार्टिन ल्यूथरने १५१७ मध्ये मांडलेल्या पंचाण्णव प्रमेयांपैकी पहिलेच प्रमेय श्रद्धावंताचे सबंध आयुष्य पश्चात्तापाचे असावे असे सांगते, आणि प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी, म्हणजे स्थानिक ख्रिस्ती समाजांनी, धर्मगुरूच्या कानी सांगायच्या कबुलीऐवजी उपासनेत सर्वांनी मिळून म्हणायची सामुदायिक पापकबुली रूढ केली.

या दोन्ही परंपरांचे परस्परांशी वाद पुष्कळ झाले, पण ते मुख्यतः कबुली ऐकण्याचा आणि क्षमा जाहीर करण्याचा अधिकार कोणाचा यावर झाले; ज्याचा अपराध केला त्या माणसाचे काय, हा प्रश्न त्या वादांत मागे पडला. विवाहात तर हा प्रश्न रोजचा आहे, कारण नवरा आणि बायको यांचे बहुतेक अपराध तिसऱ्या कोणाविरुद्ध नसून एकमेकांविरुद्धच घडतात, आणि ज्याचा अपराध केला ते माणूस त्याच घरात, त्याच ताटाशेजारी बसलेले असते. प्रस्तुत व्याख्यानाचे म्हणणे असे आहे की ख्रिस्ती विवाहात देवापुढे दिलेली कबुली कितीही मनापासूनची असली तरी तिने घरातले देणे फिटत नाही, हे देणे वेगळे, जोडीदारापुढे आणि बहुधा अधिक काळ घेऊन फेडावे लागते, आणि या गोष्टीचा सर्वांत विश्वासार्ह पुरावा मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या इतिहासातच उपलब्ध आहे. त्या पुराव्याचा पहिला भाग मद्रास शहरात छापला गेला, हे येथील श्रोत्यांनी मुद्दाम लक्षात घ्यावे.

शास्त्राचा आधार या बाबतीत संदिग्ध नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू असे शिकवतो की वेदीपाशी अर्पण घेऊन आलेल्या माणसाला आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर त्याने अर्पण तेथेच ठेवावे, आधी जाऊन समेट करावा आणि मग परत येऊन अर्पण करावे. म्हणजे देवाच्या उपासनेलाही थांबवून धरण्याचा मान दुखावलेल्या माणसाला दिलेला आहे. पेत्राच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय हेच तत्त्व थेट विवाहाला लावतो आणि नवऱ्याने बायकोला मान दिला नाही तर त्याच्या प्रार्थनेत अडथळा येतो असे बजावतो. इंग्लंडच्या चर्चच्या १६६२ सालच्या प्रार्थनाग्रंथात प्रभुभोजनापूर्वीचा जो बोध आहे तोही शेजाऱ्याचा अपराध केला असेल तर त्याच्याशी समेट करून झालेल्या नुकसानीची भरपाई करण्याची तयारी ठेवा असे सांगतो.

मद्रास शहराने या शिकवणीला उपासनेत एक देखणे रूप दिले. २७ सप्टेंबर १९४७ रोजी येथील सेंट जॉर्ज कथीड्रलमध्ये चर्च ऑफ साउथ इंडियाची स्थापना झाली, आणि त्या चर्चने १९५० पासून वापरात आणलेल्या प्रभुभोजनाच्या विधीत ‘शांती’ची प्राचीन प्रथा पुन्हा जिवंत केली, अर्पणापूर्वी वेदीपासून निघालेली शांती एकाने दुसऱ्याचे जोडलेले हात आपल्या हातांत घेऊन रांगेरांगेने पुढे पोहोचवायची, अशी ही रीत केरळच्या सुरियानी ख्रिस्ती परंपरेतून घेतलेली असून पुढे जगभरच्या अनेक चर्चना ती अनुकरणीय वाटली. परंतु तमिळ मंडळ्यांत पुरुष एका बाजूला आणि स्त्रिया दुसऱ्या बाजूला बसण्याची जुनी चाल आहे, आणि जेथे ती चालू राहिली तेथे शांती शेजारच्या पुरुषाकडून पुरुषाकडे, स्त्रीकडून स्त्रीकडे जाते. आदल्या रात्री ज्या दोघांत भांडण झालेले असते ते दोघे सबंध मंडळीला शांती देतात आणि एकमेकांना देत नाहीत. हा दोष विधीचा नाही, कारण विधी फक्त दार दाखवतो. पण घरी परतल्यावर त्या दारातून कोणीच आत जात नसेल, तर मंडळीने याची दखल घेतली पाहिजे.

आता इतिहासाकडे वळता येईल. अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यातून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जे ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाले त्यांत हरिपंत खिस्ती हे एक होते. त्यांच्या पत्नी राधाबाई यांनी हा निर्णय घेतलेला नव्हता. त्यांची कन्या कृपाबाई हिचा जन्म १८६२ मध्ये झाला, वैद्यकीय शिक्षणासाठी ती १८७८ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजात आली, प्रकृती ढासळल्याने तिला ते शिक्षण सोडावे लागले, आणि पुढे मद्रासच्या रेव्हरंड सत्यनाथन यांच्या घराण्यातील सॅम्युएल सत्यनाथन यांच्याशी तिचा विवाह झाला. ‘सगुणा’ ही तिची आत्मचरित्रात्मक इंग्रजी कादंबरी १८८७-८८ मध्ये ‘मद्रास ख्रिश्चन कॉलेज मॅगझिन’मधून क्रमशः आली आणि ती वारल्यानंतर, १८९५ मध्ये, पुस्तकरूपाने निघाली. या कादंबरीचा आरंभीचा भाग सगुणेचा नाही, तिच्या आईवडिलांचा आहे, आणि ही निवडच लेखिकेच्या न्यायबुद्धीची साक्ष देते. वडिलांच्या धर्मांतराकडे ती आदराने पाहते, त्यांच्या श्रद्धेच्या खरेपणाबद्दल तिला तिळमात्र शंका नाही. परंतु नवऱ्यामागे अनिच्छेने आलेल्या, आप्तांना आणि जातीला एका दिवसात मुकलेल्या आईचे दुःख ती वडिलांच्या श्रद्धेच्या तेजात विरघळू देत नाही. मिशनच्या वृत्तांतांत अशा पत्नींचा उल्लेख बहुधा ‘नंतर तीही प्रभूकडे आली’ या थाटाच्या वाक्यात संपतो. कृपाबाईने त्या वाक्याआधीची वर्षे लिहिली.

येथे एक गुंता आहे, आणि विवाहातील कबुलीचा विचार त्याच्याजवळ थांबल्याशिवाय पुढे जाऊ शकत नाही. मारहाण, व्यभिचार, व्यसन किंवा लबाडी या अपराधांत चूक कोणती हे निदान उघड असते. पण जो नवरा आपल्या विवेकाप्रमाणे योग्य तेच करतो आणि ते करताना बायकोला विचारतही नाही, त्याने कशाची कबुली द्यायची? धर्मांतर हे त्याच्या दृष्टीने पाप नव्हे, उलट पापापासून वळणे आहे, आणि बाप्तिस्म्याच्या वेळी त्याने आपली सर्व पापे देवापुढे मान्य केलेली आहेत. तरीही ज्या क्षणी त्याने देवाशी हिशेब मिटवला त्याच क्षणी बायकोशी एक नवा हिशेब उघडला गेला. योग्य गोष्ट अन्यायाच्या मार्गाने केली जाऊ शकते, आणि तो मार्ग स्वतंत्रपणे कबूल करावा लागतो, ही समज चांगल्या माणसांना सर्वांत उशिरा येते, कारण त्यांच्या चांगुलपणाचीच भिंत मध्ये उभी असते.

नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या संसारात हाच गुंता अधिक तपशिलाने दिसतो. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा ख्रिस्ती नव्हत्या, होण्याची त्यांची कल्पनाही नव्हती, आणि आप्तांच्या आश्रयाने पंढरपूर व अन्यत्र राहत त्यांनी सुमारे साडेचार-पाच वर्षे नवऱ्यापासून दूर काढली. १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी ही वर्षे लिहिली आहेत, आणि मराठी वाचकाला त्यांचा परिचय नव्याने करून देण्याची गरज नाही. या व्याख्यानाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. त्या काळी धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाचा १८६६ सालचा कायदा अस्तित्वात होता. त्यानुसार ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीला, जोडीदाराने केवळ धर्मांतराच्या कारणाने सतत सहा महिने तिचा त्याग केला असेल तर, न्यायालयात जाता येत असे, आणि ठरलेल्या विलंबानंतरही जोडीदाराचा नकार कायम राहिला तर विवाह मोडून दोघांनाही पुनर्विवाहाची मोकळीक मिळत असे. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात अविश्वासी जोडीदार स्वतःहून वेगळा होत असेल तर त्याला होऊ द्यावे असे म्हटले आहे, तोच या कायद्याचा धार्मिक आधार. म्हणजे कायदा आणि शास्त्र दोन्ही टिळकांना सुटकेची वाट दाखवत होते, आणि ते त्या वाटेने गेले नाहीत.

टिळकांचा पश्चात्ताप त्यांच्या शब्दांपेक्षा या थांबण्यात वाचावा लागतो. लक्ष्मीबाई अखेर नगरला त्यांच्याकडे राहायला आल्या तेव्हा त्या हिंदू म्हणूनच आल्या, आपले सोवळे सांभाळून, आपली चूल वेगळी ठेवून आल्या. आणि ख्रिस्ती उपदेशकाच्या घरात ती वेगळी चूल चालू दिली गेली. बाहेरच्या जगाला मिशनच्या माणसाच्या घरातले हे सोवळे शोभणारे नव्हते. तरीही ज्या निर्णयात तिला विचारले नव्हते त्या निर्णयाच्या परिणामांत तरी तिला स्वतःच्या गतीने चालू देणे हीच येथे शक्य असलेली भरपाई होती, आणि ती लाज सोसूनच करावी लागणार होती. पुढे जातिभेद मनुष्यकृत आहे हा विचार लक्ष्मीबाईंना स्वतःचा स्वतःच पटला, त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला, आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. सोवळ्याच्या वेडाने घर कसे होरपळते हे त्यांनी वडिलांच्या घरी पाहिले होते. तरीही त्यातून बाहेर पडण्याचा दिवस त्यांना दुसऱ्या कोणी नेमून दिला नाही. याच्या उलट उदाहरण तमिळ भूमीत घडले होते: कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ मध्ये मंडळ्यांतील जातिभेद ताबडतोब आणि पूर्णपणे संपवण्याची आज्ञा काढली, आज्ञा तत्त्वतः योग्यच होती, पण वरून हुकमाने आलेल्या त्या पश्चात्तापाने तंजावर व मद्रास भागांतील मंडळ्यांत फूट पडली आणि जात मात्र पुढेही चर्चच्या बाकांवर बसत राहिली.

टिळक-लक्ष्मीबाईंचा संसार म्हणजे अखंड सामंजस्याचे चित्र नव्हे. टिळकांचा स्वभाव क्षणात भडकणारा आणि क्षणात निवळणारा होता, पैसा त्यांच्या हातात टिकत नसे, आणि १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडून संन्यस्त वृत्तीने ‘देवाचा दरबार’ स्थापण्याचा मार्ग धरला तेव्हा त्या त्यागाचा भार त्यांच्याइतकाच घरावरही पडला. एकदा उमगलेली चूक कायमची सुटते असे नाही. तीच माणसे, तेच स्वभाव आणि तेच मोठे निर्णय पुन्हा नव्या रूपात समोर येतात, म्हणूनच पश्चात्ताप ही सबंध आयुष्याची गोष्ट आहे हे ल्यूथरचे म्हणणे विवाहित माणसाला इतर कोणाहीपेक्षा अधिक लागू पडते. लक्ष्मीबाई हे सारे लिहितात, आणि त्यात स्वतःचा हट्ट, स्वतःचे रुसवे, स्वतःचे टोचून बोलणे यांतले काही वगळत नाहीत. ज्या व्यक्तीविषयी तक्रार करण्याचा आपल्याला पुरेपूर अधिकार आहे, तिचे प्रेमाने आणि तरीही खरे वर्णन करणे, हेही कबुलीचेच एक रूप आहे, आणि मराठी ख्रिस्ती साहित्यात त्याची बरोबरी करणारा दुसरा ग्रंथ नाही.

या इतिहासावरून घरातील कबुलीविषयी काही गोष्टी सांगता येतात. तिचा पहिला गुण नेमकेपणा. सामुदायिक पापकबुलीत शब्द सर्वांचे असल्याने ते व्यापक असतात आणि असावेतही. परंतु तीच भाषा घरात आणली की ती लपण्याची जागा होते, कारण ‘मी पापी मनुष्य आहे’ असे म्हणणारा नवरा ‘परवा तुझ्या भावासमोर मी तुझा पाणउतारा केला’ हे वाक्य टाळू शकतो. १९०५ मध्ये केडगावच्या मुक्तिसदनात पंडिता रमाबाईंच्या आश्रमातील मुली आणि स्त्रिया मोठ्याने रडून पापांची कबुली देऊ लागल्या, तेव्हापासून आजच्या चेन्नईतील भव्य मैदानी सभांपर्यंत जाहीर कबुलीचे मोल भारतीय ख्रिस्ती समाजाने ओळखले आहे, आणि ते नाकारण्याचे कारण नाही. मात्र हजारांच्या सभेत अश्रू ढाळणे हे घरी एका माणसासमोर एक वाक्य पूर्ण उच्चारण्यापेक्षा पुष्कळदा सोपे असते. दुसरे असे की कबुलीत कारणमीमांसा मिसळली की तिची धार जाते. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात देवाने प्रश्न विचारताच आदाम आपण फळ खाल्ले हे मान्य करतो, परंतु त्या मान्यतेआधी बायकोचे नाव घेतो, आणि ती आपल्याला देवानेच दिली हेही जोडतो. मनुष्यजातीची पहिली कबुली अशी नवराबायकोच्या नात्यातच बिघडली. ‘तुला वाईट वाटले असेल तर’ या अटीने सुरू होणारी आजची माफी त्याच घराण्यातली आहे.

भारतीय कुटुंबात यात आणखी एक विषमता मिसळते, आणि तिच्याविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. घरात शांतता राहावी म्हणून चूक कोणाचीही असली तरी बायकोने नमते घ्यावे, ही चाल ख्रिस्ती घरांनीही जशीच्या तशी ठेवली, आणि नम्रतेच्या शिकवणीने तिच्यावर धर्माचा शिक्का मारला. जिने न केलेल्या अपराधाची माफी वारंवार मागितली आहे तिला पश्चात्तापाचा उपदेश करणे म्हणजे आजारी नसलेल्याला औषध पाजणे होय, आणि ज्याच्यासाठी ते औषध होते तो तसाच राहतो. म्हणून पाळकाने, म्हणजे मंडळीच्या धर्मसेवकाने, विवाहपूर्व मार्गदर्शनात दोघांना सारखाच उपदेश करून भागत नाही. कबुलीचा आरंभ ज्याच्या हाती सत्ता अधिक आहे त्याच्याकडून व्हावा हे त्याने सांगितले पाहिजे, आणि बहुतेक घरांत तो नवरा असतो.

क्षमेच्या बाबतीतही असाच खुलासा करावा लागतो. ख्रिस्ती माणसावर क्षमा करण्याचे कर्तव्य आहे, पण ते कर्तव्य देवाने सांगितलेले आहे, अपराध्याने वसूल करायचे नाही. कबुली देऊन लगेच ‘आता क्षमा कर, तू ख्रिस्ती आहेस ना’ असे म्हणणारा माणूस दुसऱ्यांदा अपराध करतो. जेथे हिंसा आहे तेथे क्षमा आणि एकत्र राहणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे मंडळीचे कर्तव्य ठरते. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणाऱ्या २००५ सालच्या कायद्याचा आधार घेणाऱ्या स्त्रीने क्षमा नाकारली असे मुळीच होत नाही. ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेल्या १८६९ सालच्या घटस्फोट कायद्यानेही या बाबतीत एक विचारपूर्वक रेषा आखली आहे: व्यभिचाराला क्षमा केली असे न्यायालयाने मानायचे तर सहजीवन पुन्हा सुरू झालेले किंवा चालू राहिलेले असले पाहिजे, नुसते तोंडचे शब्द पुरेसे नाहीत. याच कायद्यात २००१ पर्यंत नवऱ्याला केवळ व्यभिचाराच्या कारणावर घटस्फोट मागता येत असे, तर बायकोला व्यभिचाराबरोबर क्रौर्य, त्याग किंवा तत्सम दुसरा अपराधही सिद्ध करावा लागे. सबंध समाजाने पश्चात्ताप करावा अशी ही विषमता शंभरहून अधिक वर्षे धर्माच्या नावाने चालली.

शेवटी भरपाईचा प्रश्न उरतो, आणि तो बहुतेक प्रवचनांत येतच नाही. लूकाच्या शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायातला जक्कय जकातदार येशूचे आपल्या घरी स्वागत करतो तेव्हा आपले अर्धे धन गरिबांना देण्याचे ठरवतो आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट परत करण्याचे वचन देतो; त्याच्या पश्चात्तापाचे मोजमाप रकमेत आहे. ख्रिस्ती विवाहातला असा मोजता येणारा अपराध म्हणजे हुंडा. १९६१ सालच्या कायद्याने तो गुन्हा ठरवलेला असूनही दक्षिणेतल्या आणि महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती कुटुंबांत तो भेट, सोने, वरदक्षिणा अशा सभ्य नावांनी घेतला जातो, आणि त्याच विवाहाला वेदीपुढे आशीर्वाद दिला जातो. ज्या नवऱ्याला पुढे कधी याची लाज वाटते त्याच्यापुढे जक्कयाचा मार्ग उघड आहे: ती रक्कम किंवा ते सोने बायकोच्या नावे, तिच्या ताब्यात परत देणे. अडचण अशी येते की हुंडा बहुधा त्याने एकट्याने घेतलेला नसतो. त्याच्या आईवडिलांनी मागितलेला, बहिणीच्या लग्नात खर्चलेला किंवा घराच्या बांधकामात गेलेला असतो, म्हणून परत करायचे ठरवले की आईवडिलांशीही बोलावे लागते, त्यांच्या मागणीला अपराध म्हणावे लागते, आणि त्यांना ते ऐकवत नाही. अशा वेळी नवऱ्याने आईवडिलांच्या कबुलीची वाट पाहत थांबू नये. त्यांचा वाटा त्यांच्या सदसद्विवेकावर सोपवून आपल्या कमाईतून, हप्त्याहप्त्याने का होईना, फेड सुरू करावी, आणि ती कशाची फेड आहे हे बायकोला नाव घेऊन सांगावे, म्हणजे ती दरमहाची रक्कम तिला नवऱ्याची उदारता म्हणून स्वीकारावी लागणार नाही.